ड्रायर गरम होतो, पण कपडे वाळत नाहीत!



पॉटलकला चार घरं एकत्र आली की मुलांच्या शाळा, ग्रीन कार्ड आणि घरांचे भाव आटोपल्यावर गाडी हमखास घरातल्या यंत्रांवर येते. त्यात एक तक्रार ठरलेली. "ड्रायर चालू होतो, गरमही होतो, पण कपडे काही वाळत नाहीत. प्रत्येक लोड दोनदा लावावा लागतो." त्यावरचे सल्लेही ठरलेले. कुणी म्हणतं दहा वर्षं झाली ना, मग नवीन घेऊन टाका. कुणी म्हणतं हीटिंग एलिमेंट गेलं असणार. मग नवा ड्रायर येतो आणि काही दिवसांत तोही तसाच रडायला लागतो. कारण दोष ड्रायरमध्ये नसतोच, तो भिंतीत असतो.

सांगायचं एवढंच आहे, की ड्रायर हळू चालत असेल तर उष्णतेच्या मागे लागण्याआधी हवा तपासा. प्रश्न फक्त वेळेचा आणि विजेच्या बिलाचा नाही. हळू चालणारा ड्रायर हा आगीचा पहिला इशारा असू शकतो. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते तरी नक्की वाचा.

आधी थोडं शास्त्र

आपल्याकडचा पावसाळा आठवा. बाहेर संततधार, घरात दोरीवर कपडे. उकाडा असतो, तरी कपडे तीन-तीन दिवस कुबट वास मारत लटकतात. पंखा लावला की रात्रीत वाळतात. पंखा काही हवा गरम करत नाही, तो कपड्यांभोवतीची दमट हवा ढकलून तिच्या जागी दुसरी आणतो. ड्रायरचं कामही असंच. खोलीतली हवा आत ओढायची, गरम करायची, कपड्यांमधून फिरवायची आणि पाण्यासकट घराबाहेर फेकायची.

किती पाणी? अमेरिकेच्या सरकारी चाचणीत ८.४५ पौंडांचा लोड घेतात आणि त्यात कपड्यांच्या कोरड्या वजनाच्या ५७.५ टक्के पाणी धरतात. म्हणजे एका लोडमागे सुमारे सव्वादोन लिटर. एवढी वाफ चार इंची नळीतून बाहेर जायची असते. ती नळी तुंबली तर वाफ आत कोंडते.

यातली खरी गंमत पुढे आहे. हवा अडली की ड्रायरच्या आतलं तापमान चढतं. मग सुरक्षेसाठी बसवलेला थर्मोस्टॅट उष्णता बंद करतो, जरा थंड झालं की परत चालू करतो. म्हणजे ड्रम फिरत राहतो, हात लावला तर गरम लागतं, पण निम्मा वेळ आत उष्णता तयारच होत नसते. म्हणून 'गरम होतोय ना, मग ठीक आहे' हे गणित चुकतं.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे. सोपं आणि फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी.

१. वॉशरपासून सुरुवात करा. वॉशरमधून काढलेला टॉवेल पिळून बघा. धार लागली तर वॉशरचा स्पिन नीट होत नाहीये, ड्रायरला उगाच बोल लावू नका. एकाच बाजूला जड कपडे गेले तरी वॉशर स्पिन कमी करतो. सोलापुरी चादर, दोन जीन्स आणि मुलांचे मोजे एकाच लोडमध्ये घातले तर मोजे वाळतील आणि चादर ओलीच राहील. बेडशीट बाकीच्या कपड्यांना पोटात घेऊन गाठोडं करते, तेही बघा. ड्रम अर्ध्याच्या थोडा वरपर्यंत भरला तर कपड्यांना उलटायला-पालटायला जागा मिळते.

२. लिंटची जाळी. दर लोडनंतर ती साफ करायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुम्ही सुगंधी ड्रायर शीट वापरत असाल तर जाळीवर एक न दिसणारा मेणचट थर बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर उत्तम. वर साचून राहिलं तर हवाही तशीच अडत असणार. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा आणि पूर्ण वाळवून परत बसवा. जाळी जिथे बसते त्या खाचेतही लिंट साठतं, ते व्हॅक्यूमच्या लांब नळीने ओढून घ्या.

३. घराबाहेर जा. ड्रायर चालू ठेवून बाहेरच्या भिंतीवरची झडप शोधा. ती नीट उघडलेली असायला हवी आणि हाताला गरम, दमट हवेचा जोरदार झोत लागायला हवा. नुसती फुंकर लागत असेल तर रोग सापडला. झडपेत लिंट अडकतं, वसंतात चिमण्या घरटं करतात, मिशिगन-मिनेसोटाकडे बर्फाचा ढीग तिच्यावर चढतो. पक्षी येऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकायचा मोह होतो, पण ते करू नका. त्या जाळीवर लिंट बसून थोड्याच दिवसांत पक्कं बूच होतं, म्हणून बिल्डिंग कोडमध्येही तिला मनाई आहे.

४. ड्रायरच्या मागे वाकून बघा. जागा वाचवायला ड्रायर भिंतीला चिकटवला की मागची नळी चेपते. पांढरी प्लॅस्टिकची नळी असेल तर ती आजच काढून टाका, ती जळते. चांदीच्या रंगाची पातळ फॉइलची नळीही सहज दबते आणि तिच्या वळ्यांमध्ये लिंट धरून राहतं. अर्धवट कडक ॲल्युमिनियमची, ड्रायरसाठी प्रमाणित केलेली नळी घ्या. ही जोडनळी ८ फुटांपेक्षा जास्त नको, जितकी आखूड तितकी बरी. सांधे क्लॅम्पने किंवा धातूच्या फॉइल टेपने बंद करा. आत टोक येईल असा स्क्रू मारू नका, त्या टोकाला लिंट अडकत जातं. नावात 'डक्ट' असली तरी कापडी डक्ट टेप इथे चालत नाही, ती उष्णतेने सुटते.

५. भिंतीतली नळी. टाउनहाउसवाल्यांनी हे नीट वाचा. लाँड्री दुसऱ्या मजल्यावर, घराच्या मधोमध. सोय छान, पण नळी भिंतीतून, जमिनीखालून वळणं घेत बाहेर जाते. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडच्या २००६ च्या आवृत्तीत या नळीची कमाल लांबी २५ फूट होती, पुढच्या आवृत्त्यांत ती ३५ फूट झाली. दर काटकोनी एल्बोमागे त्यातून ५ फूट वजा करायचे, ४५ अंशाच्या वळणामागे अडीच फूट. म्हणजे सरळ नळी २२ फूट आणि चार काटकोनी एल्बो असतील तर हिशोब ४२ फुटांवर गेला. (ड्रायरच्या कंपनीने जास्त लांबी चालेल असं पुस्तिकेत दिलं असेल तर ते धरतात.) अशा घरात नळी जास्त वेळा साफ करावी लागते. होम डेपो किंवा लोजमध्ये ड्रिलला जोडायचे लवचीक दांड्यांचे ब्रश मिळतात. वापरताना ड्रिल एकाच दिशेने फिरवा. उलटं फिरवलं की दांडी सुटून भिंतीत अडकते, आणि मग ब्रशच्या किमतीत सुटलेलं काम भिंत फोडण्यावर जातं. छतावर व्हेंट असेल तर शिडी लावू नका, व्यावसायिकाला बोलवा.

६. घर की यंत्र? फक्त इलेक्ट्रिक ड्रायरसाठी एक सोपी चाचणी आहे. प्लग काढून ड्रायर पुढे ओढा, मागची नळी सोडवा, प्लग परत लावा आणि एक नेहमीचा लोड, जाळी जागेवर ठेवून, समोर उभं राहून चालवा. खोलीत वाफ आणि थोडं लिंट होईल, होऊ द्या. कपडे वेळेत वाळले तर यंत्र ठणठणीत आहे, दोष नळीत. तरीही वाळले नाहीत तर यंत्राकडे वळा. गॅसच्या ड्रायरवर ही चाचणी अजिबात करू नका. त्याच्या नळीतून जळलेल्या गॅसचा धूर जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याच कारणाने, गॅसच्या ड्रायरची नळी तुंबली असेल तर वाट बघत बसू नका.

ड्रायर बंद कपाटात असेल तर अजून एक बघा. बाहेर फेकायला हवा आधी आत यायला लागते. दाराला फटी किंवा जाळी नसेल तर दार उघडं ठेवून एक लोड लावा. फरक पडला तर उत्तर मिळालं. कोडप्रमाणे अशा कपाटाला किमान १०० चौरस इंचांची वाट हवी.

७. आता उष्णता. इलेक्ट्रिक ड्रायर २४० व्होल्टवर चालतो आणि त्याचा ब्रेकर जोडीचा असतो. मोटर मात्र बहुतेक ड्रायर्समध्ये १२० वर चालते. त्यामुळे एक बाजू गेली तर ड्रम मजेत फिरतो, पण हवा थंडगार. ब्रेकर पूर्ण बंद करून परत चालू करून बघा. सारखा पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. थर्मल फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला हे विचारा. नळी साफ न करता नुसता फ्यूज बदलला तर तोही उडणार. गॅसच्या ड्रायरमध्ये पहिली काही मिनिटं उष्णता येऊन मग बंद होत असेल तर गॅस व्हॉल्व्हच्या कॉइल्सवर संशय घ्या. ते काम टेक्निशियनचं, आपलं नव्हे.

मोठ्या अपार्टमेंट इमारतींत राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तिथे पुष्कळदा २४० ऐवजी २०८ व्होल्ट असतात. व्होल्टेज १३ टक्क्यांनी कमी, पण उष्णता २५ टक्क्यांनी कमी होते. २४० वर ५,४०० वॉट देणारं एलिमेंट २०८ वर सुमारे ४,०५० वॉटच देतं. मग पाऊण तासाचं काम तासावर गेलं तर यंत्र बिघडलेलं नाही. एवढं माहीत असलं की दुरुस्तीचे पैसे वाचतात.

८. सेन्सर. 'ऑटो'वर ड्रायर लवकर थांबतो आणि कपडे दमट राहतात, पण 'टाइम्ड'वर नीट वाळतात? मग ड्रमच्या आत, दाराजवळ असलेल्या दोन धातूच्या पट्ट्या बघा. त्यांच्यावरही ड्रायर शीटचा थर बसतो. रबिंग अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा.

हल्ली काही जणांनी हीट पंपवाले, व्हेंट नसलेले ड्रायर घेतले आहेत. ते मुळातच सावकाश चालतात आणि वीज कमी खातात. त्यांना बाहेरची नळी नसते, म्हणून वरचे नळीचे मुद्दे लागू नाहीत, पण फिल्टर साफ ठेवणं दुप्पट महत्त्वाचं.

आता आगीबद्दल. यू. एस. फायर ॲडमिनिस्ट्रेशनच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या घरांत दर वर्षी अंदाजे २,९०० ड्रायरच्या आगी लागल्या. त्यात दर वर्षी सुमारे ५ मृत्यू, १०० जखमी आणि साडेतीन कोटी डॉलरचं नुकसान. कारणांमध्ये सगळ्यात वर, ३४ टक्के, साफसफाई न करणं. लिंट म्हणजे पिंजलेला कापूसच. तो गरम नळीत कोंडून ठेवायचा आणि वर उष्णता द्यायची, मग वेगळी काडी कशाला हवी?

आपल्या घरांसाठी अजून एक धोका आहे, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तेल! बाळाच्या मालिशचे टॉवेल, दिवाळीच्या अभ्यंगाचे पंचे, तळणीच्या वेळी ओट्यावर वापरलेली फडकी, समई पुसलेलं कापड. धुतल्यावरही त्यात तेल उरतं. ड्रायरमध्ये ते तापतं, हवेशी त्याची क्रिया होऊन स्वतःहून आणखी तापतं, आणि गरम कपड्यांचा ढीग करून ठेवला तर काही तासांनीही पेट घेऊ शकतं. जवसाचं तेल यात सगळ्यात वाईट, तीळ आणि सोयाबीन मधले, खोबरेल त्या मानाने सौम्य. पण घरात तेलं निवडत कोण बसणार? सरळ नियम करा की तेलाचा कपडा ड्रायरमध्ये नाही. गरम पाण्यात जास्त साबण घालून धुवा आणि हँगरवर किंवा दोरीवर वाळवा. एचओए दोरीला नाही म्हणत असेल तर राज्याचा कायदा बघा. फ्लोरिडा, व्हरमाँट, मेरीलँड अशा काही राज्यांत दोरीवर सरसकट बंदी घालता येत नाही.

भाड्याच्या घरात असाल तर भिंतीतली नळी साफ करून घेण्यासाठी ऑफिसला ई-मेल करा. फोनवर "करतो हं" म्हणतात आणि विसरतात. लेखी असलं की काम होतं. झडपेचा फोटो जोडा.

बाकी नियम छोटे आहेत. झोपताना किंवा बाहेर जाताना ड्रायर चालू ठेवू नका. नळी वर्षातून एकदा साफ करा, नळी लांब असेल तर दोनदा. सहा महिन्यांसाठी आई-बाबा आले असतील तर त्यांना बटणांबरोबर जाळीही दाखवा. त्यांना दोरीची सवय, ही जाळी कुठे असते हे आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार? आणि कधी आतून धूर आलाच तर दार उघडू नका, त्याने आगीला हवा मिळते. घराबाहेर पडा आणि ९११ लावा.

या शनिवारी एकच करा. नेहमीचा टॉवेलचा लोड लावा आणि किती मिनिटं लागली ते ड्रायरच्या बाजूला चिकटपट्टीवर तारखेसकट लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी तोच लोड, तीच सेटिंग. आकडा दहा-पंधरा मिनिटांनी वाढला की झडप बघायला बाहेर जा. टेक्निशियनचा नंबर त्यानंतर शोधा.