बुरशीच्या रंगावर विसंबू नका

पावसाळ्यात पावाची पिशवी दोन-तीन दिवस ओट्यावर पडून राहिली, की पावावर कापसासारखा पांढरा बुरा दिसू लागतो. पुढे त्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उमटतात. ही 'ऱ्हायझोपस' जातीची बुरशी. ठिपके म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. त्या दिसेपर्यंत बुरशीचे तंतू मऊ पावात खोलवर पसरलेले असतात. म्हणून खराब कोपरा खुडून उरलेला पाव खाण्याची काटकसर व्यर्थ होय.

संत्र्या-लिंबाच्या सालीवर पांढऱ्या कडेच्या आत हिरवी किंवा निळसर भुकटी धरते, ती 'पेनिसिलियम'. पेनिसिलिन याच कुळातील बुरशीपासून मिळाले. पण म्हणून फळावरची बुरशी काही औषध ठरत नाही! कांद्याच्या पापुद्र्याखाली शिरांच्या रेषेत काजळी दिसते, ती 'अ‍ॅस्परजिलस नायजर'. वरचे पापुद्रे काढून, धुऊन आतला टणक कांदा बहुतेक घरी वापरला जातो. तो आतून मऊ पडला असेल, तर मात्र टाकून द्यावा.

खरी चिंता आहे ती शेंगदाणे आणि मक्यावर येणाऱ्या पिवळट-हिरव्या 'अ‍ॅस्परजिलस फ्लेवस'ची. ती 'अफलाटॉक्सिन' नावाचे विष निर्माण करते. इंग्लंडमध्ये १९६० साली लाखाच्या वर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीकडे बोट गेले आणि या विषाचा शोध लागला. भारतात १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. रुग्णांना कावीळ झाली, पोटात पाणी साचले. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली.

रंगावरून बुरशीची जात साधारण ओळखता येते, विष मात्र दिसत नाही. दाणे पुसले, पाखडले, की हिरवी भुकटी उडून जाते. विष आतच राहते. भाजल्याने ते काही अंशी घटते, पण नाहीसे होत नाही. दीर्घकाळ थोडे थोडे पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

उपासाची खिचडी असो की भरली वांगी, मराठी स्वयंपाकात दाण्याचे कूट हवेच. बाजारातील तयार कुटात सुरकुतलेले, काळपट दाणे कोणाला दिसणार? त्यापेक्षा अख्खे दाणे आणून, निवडून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि लागेल तेवढेच कूट करावे. चावताना कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकून टाकावा.