तोळा वजनाचा आणि तोळा सोन्याचा

सोन्याचा दागिना घेताना तीन निवडी एकदम होत असतात. सोने किती कसाचे, घडण कोणती, आणि तो रोज अंगावर राहणार की सणावारी पेटीतून निघणार. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत यात चौथी निवड मिसळते: अडीअडचणीला त्याचे पैसे किती होतील. इथल्या अनेक घरांत रोख पैसा वर्षातून दोनदाच दिसतो. एकदा दिवाळीनंतर धान विकल्यावर, आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपल्यावर. त्यातला काही पैसा लग्नसराईत सराफाकडे जातो. पुढे पाऊस लागला, रोवणीची मजुरी द्यायची झाली किंवा घरात आजारपण आले, की तोच दागिना गहाण पडतो. घरातली शिल्लक अंगावरच असते. म्हणून दिसायला दागिना कसा आहे याच्या आधी त्यात सोने किती आहे, हे पाहणे इथल्या ग्राहकाला अधिक गरजेचे आहे.

सोन्याचा कस चोवीस भागांत मोजतात. चोवीस कॅरेटचे सोने म्हणजे चोख. नाणे, वेढणी किंवा बिस्कीट यांसाठी ते ठीक, पण ते इतके मऊ असते की त्याची बांगडी रोजच्या वापरात वाकते आणि साखळीचे दुवे झिजतात. म्हणून त्यात तांबे आणि चांदी मिसळतात. तांबे वाढले तर रंग लालसर होतो, चांदी वाढली तर फिका पडतो. बावीस कॅरेटमध्ये हजारात ९१६ भाग सोने असते, अठरामध्ये ७५० आणि चौदामध्ये ५८५. दहा ग्रॅमच्या दागिन्याचे गणित यावरून सरळ निघते: बावीस कॅरेटचा असेल तर ९.१६ ग्रॅम सोने, अठराचा असेल तर साडेसात ग्रॅम. अठरा कॅरेटचे सोने कडक असते. हिरा किंवा खडा धरून ठेवणारी नखे त्यात पक्की बसतात, त्यामुळे खड्यांच्या अंगठ्या आणि टॉप्स त्यात करणे योग्यच आहे. मंगळसूत्र, पाटल्या, गोफ यांसाठी मात्र बावीस कॅरेट हाच मध्यम मार्ग ठरला आहे. चौदा कॅरेटबद्दल जुन्या पिढीच्या मनात अढी आहे, तिला इतिहास आहे. जानेवारी १९६३मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रण नियम आणले आणि चौदा कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली. देशभरातील सोनारांचे हातचे काम त्या काळात गेले. ती अट पुढे उठली आणि सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९०मध्ये रद्द झाला.

वजनाच्या बाबतीत एक जुना घोळ अजून टिकून आहे. पूर्वी आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा मोजत. ही गुंज म्हणजे या जिल्ह्यांच्या जंगलांत वेलीवर वाढणारे लालभडक, काळ्या डोळ्याचे विषारी बी. शहाण्णव गुंजांचा तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज बाजारात तोळा म्हटले की दहा ग्रॅमच धरतात. आजीच्या पाच तोळ्यांच्या गोफाचे वजन नव्या काट्यावर ५८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे, ते त्यामुळेच. जुना दागिना मोडायला नेताना हा फरक घरच्यांना माहीत असला पाहिजे.

घडणीत सर्वांत जास्त पाहण्यासारखे आहे. विदर्भात मंगळसूत्राला सर्रास पोत म्हणतात. काळे मणी आणि सोन्याचे मणी एकत्र ओवलेले, मध्ये वाट्या किंवा डोरले. इथे सोने आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओवलेली पोत काट्यावर दहा ग्रॅम भरली आणि त्यात काळे मणी व दोरा मिळून दीड ग्रॅम असला, तर बावीस कॅरेटचे सोने साडेआठ ग्रॅमच राहते. त्यातले शुद्ध सोने ७.७९ ग्रॅम. म्हणून पोत ओवण्याआधी सोन्याचे मणी आणि वाट्या वेगळ्या तोलून घ्याव्यात. नंतर हिशेब लावणे कठीण जाते. बोरमाळेच्या मण्यांत पुष्कळदा लाख भरलेली असते, कारण पातळ पत्र्याचा मणी आतून आधार नसेल तर चेपतो. लाख हलकी असली तरी तिचे वजन सोन्याच्या भावाने मोजले जाऊ नये. चपलाकंठी आणि पोहेहार दिसायला भरगच्च असतात, पण ते लहान पाकळ्या जोडून बनतात. प्रत्येक जोडाला डाग, म्हणजे सांधायचा मिश्रधातू, लागतो. जोड जितके जास्त, तितकी मजुरी वाढते आणि तुटण्याच्या जागाही वाढतात. तारेचा विणलेला गोफ, साधी एकदाणी किंवा भरीव पाटली यांत सोने जास्त आणि कारागिरीचा खर्च त्या मानाने कमी. जिथे दागिना हीच शिल्लक, तिथे यांची निवड शहाणपणाची, हे निःसंकोच म्हणता येते.

बांगड्यांत भरीव आणि पोकळ असा भेद आहे. पोकळ बांगडी कमी वजनात रुंद दिसते. एकदा चेपली की तिला पुन्हा आकार देणे अवघड, आणि आत मळ व साबण साचतो. तांब्याच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवलेली बांगडीही मिळते. ती विकत घेण्यात गैर काही नाही, मात्र ती तशी आहे हे बिलावर लिहिलेले असावे. धानाच्या बांधीत वाकून काम करणाऱ्या, तेंदूपत्ता तोडायला रानात जाणाऱ्या बाईने रोजच्या वापराला पातळ साखळी आणि अडकेल असे लटकन टाळावे. अंगाला चिकटून राहणारी फुली, छोटे टॉप्स आणि भक्कम कडीची आखूड पोत तिला पुरते. आकड्यापेक्षा फिरकीची कडी सुरक्षित. जत्रेला आणि लग्नाला घालायचे मोठे हार आज अनेक घरांत ‘एक ग्रॅम’ किंवा बेंटेक्सचे असतात. तो मुलामा आहे, सोने नव्हे, पण मार्कंड्याच्या किंवा चंद्रपूरच्या महाकालीच्या जत्रेतल्या गर्दीत खरा हार घालून जाण्यापेक्षा तो बरा. मोडीला मात्र त्याचे काहीच येत नाही.

या दोन जिल्ह्यांत दागिन्यांची रीत एकसारखी नाही. गोंड आणि माडिया घरांत परंपरेने चांदी, गिलट, पितळ, मणी आणि नाण्यांच्या माळा चालत आल्या आहेत. सोने तिथे उशिरा आणि थोडे आले. सिरोंच्याच्या तेलुगू भाषक कुटुंबांत मंगळसूत्राला सोन्याच्या दोन गोल चकत्या असतात. मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे स्थायिक झाली. त्यांच्या घरच्या सुवासिनी शंखाची शांखा आणि लाल पोला या बांगड्या व लोखंडाचे कडे घालतात, आणि ऐपतीप्रमाणे त्यावर सोन्याचा पत्रा मढवून घेतात. अशा मढवलेल्या दागिन्यात सोन्याचे वजन मढवण्याआधीच नोंदवून घ्यावे लागते, नाहीतर शंख किंवा लोखंड धरून वजन होते. चांदीचा जुना दागिना मोडून चकाकती नवी घडण करून घेण्याआधीही थांबून विचार करावा. हसली, तोडे, नाण्यांची माळ वितळली की चांदीचाच भाव येतो, आणि तशी घडण पुन्हा करून देणारा कारागीर मिळेलच असे नाही.

कसाची खात्री आता डोळ्यावर किंवा कसोटीच्या दगडावर सोडण्याची गरज नाही. देशात सोन्याचे हॉलमार्किंग २०००मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाले. १६ जून २०२१पासून ते आधी २५६ जिल्ह्यांत सक्तीचे झाले आणि पुढे यादी वाढत गेली. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्क म्हणजे तीन खुणा: भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, कसाचा आकडा (उदाहरणार्थ २२के९१६) आणि अक्षरे-अंक मिळून सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की दागिना कोणता, कस किती आणि नोंदणी कोणत्या सराफाची, हे दिसते. दुकानात बसूनच हे करून पाहावे. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर कमी भरलेल्या सोन्याच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद ब्युरोच्या २०१८च्या नियमांत आहे.

या सक्तीला अपवाद आहेत आणि ते याच भागातल्या ग्राहकाला जास्त लागू पडतात. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्क लागत नाही. म्हणजे फुली, लवंग, लहान मुलाच्या कानातले, पोतीचे सुटे मणी हे सगळे त्यातून सुटतात. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफालाही सूट आहे. तालुक्याच्या ठिकाणचे लहान दुकान यात बसू शकते. कायद्याने ते बरोबर, पण ग्राहकाने हॉलमार्कचाच दागिना मागण्याला कोणी अडवत नाही. शिवाय घरातला जुना, बिनखुणेचा दागिना मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात नेऊन थोड्या शुल्कात तपासून घेता येतो. ‘केडीएम’ हा शब्द मात्र कसाची हमी समजू नये. तो कॅडमियम मिसळलेल्या डागाचा शब्द आहे. तो डाग देताना निघणाऱ्या धुराने कारागिराच्या फुप्फुसांना इजा होते, आणि हॉलमार्कच्या दागिन्यात असा डाग चालत नाही.

भावाचा हिशेब सोन्याच्या दरावर थांबत नाही. त्यावर मजुरी किंवा घडणावळ लागते, काही दुकानांत घट वेगळी धरतात, आणि जीएसटी लागतो. मजुरी ग्रॅममागे सांगतात किंवा टक्क्यांत. दोन दुकानांची तुलना करायची तर आधी दोन्ही एकाच मापात आणावी. मोडताना मजुरी परत मिळत नाही, घटही नाही, खड्यांची किंमतही क्वचितच. गहाण ठेवतानाही हाच नियम: बँक किंवा वित्त कंपनी खडे, मणी, लाख वजा करून निव्वळ सोन्यावर कर्ज देते. सोन्याच्या बिस्किटावर तर ती कर्ज देतच नाही, कारण रिझर्व्ह बँकेची त्याला मनाई आहे. ‘चोख’ म्हणून बिस्कीट घेऊन ठेवणाऱ्याला ही अडचण पहिल्यांदा नडीच्या वेळीच कळते. सावकाराकडे जायची वेळ आली तर २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली त्याला परवाना आहे का हे विचारावे आणि वजन, कस लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दागिना हातातून सोडू नये.

निव्वळ वजन, कस, मजुरी, हॉलमार्कचे शुल्क हे सगळे वेगवेगळे लिहिलेले पक्के बिल सराफाकडून मागून घ्यावे. ते दागिन्याच्या डबीत न ठेवता शेताच्या सातबाऱ्याबरोबर ठेवावे, म्हणजे दागिना गहाण गेला तरी बिल घरात राहते.