ज्येष्ठांचे घर आणि ज्येष्ठांची देखभाल

निवृत्तीनंतर आई-वडिलांसाठी ‘ज्येष्ठ नागरिक गृहप्रकल्प’ निवडला की देखभालीची सोय झाली, असा अनेकांचा समज असतो. महारेराने (महाराष्ट्राचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी घातलेले निकष मुख्यतः बांधकामाचे आहेत: रुंद दारे, लिफ्ट, रॅम्प, न्हाणीघरात आधाराचे दांडे. घरी दवाखान्यातली खाट आणली म्हणून परिचारिका सोबत येत नाही, तसेच हे. शुश्रूषा ही वेगळ्या कराराची बाब आहे. तिचे शुल्क, दरवर्षीची वाढ आणि माणूस अंथरुणाला खिळला तर पुढे काय, हे त्यात लिहून घ्यावे लागते (माहितीपत्रकातला हसरा फोटो यातले काहीच सांगत नाही). मग साध्या सोसायटीत काय वाईट, असे कोणी विचारेल. ओळखीची माणसे जवळ असतील तर फारसे काही नाही. पण चाकांची खुर्ची अरुंद दारातून जात नाही, आणि दार नंतर रुंद करणे सोपे नसते.