‘निर्मिति’, ‘उत्पत्ति’ आणि ‘उत्क्रांति’ : एका प्रश्नातील शब्द

लोकमताच्या पाहणीत ‘निर्मिति की उत्क्रांति?’ असा प्रश्न घातला, म्हणजे ख्रिस्ती उत्तरदात्यापुढील निदान तीन प्रश्न एकत्र मिसळतात : पृथ्वीचे वय, जीवजातींचे रूपांतर आणि मानवी आत्म्याचा उगम. गोंडपिपरीच्या दक्षिणेस वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. तिच्या खोऱ्यात, सिरोंचाजवळील कोटा येथे, प्राचीन मत्स्यांचे जीवाश्म मिळाले. नागपूर व तत्कालीन चांदा प्रदेशातील भूस्तरांचे एक आद्य अभ्यासक स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याच चर्चमधील टॉमस चामर्स यांनी ‘उत्पत्ति’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील पहिल्या दोन वचनांच्या दरम्यान दीर्घ काळ कल्पिला. ह्यू मिलर यांनी सृष्टीचे दिवस म्हणजे युगे मानली. मात्र जीवजातींचे रूपांतर मिलर यांस अमान्य होते. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधनास मोकळीक दिली. आत्मा ईश्वरनिर्मितच, हा आग्रह राखून.

मराठी शब्दही तटस्थ नाहीत. ‘निर्मिति’ कर्ता गृहीत धरते, ‘उत्पत्ति’ त्याविषयी मौन बाळगते. ‘उत्क्रांति’ ऊर्ध्वगमन सुचविते. डार्विनच्या उपपत्तीस ते आवश्यक नाही. तेव्हा ‘उत्क्रांति मानत नाही’ म्हणणाऱ्याने नेमके काय नाकारले, हे अशा प्रश्नावलीवरून ठरविणे धाडसाचे होय. गोंड प्रदेशात तर पर्याय दोनच नव्हेत : हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेले लिंगोचे गोंडी गीत रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यात गोंडांच्या उगमाची स्वतंत्र कथा आहे.