अडचणीच्या जागेचें हत्यार

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यांत शेलूबाजार हें बाजाराचें गांव आहे. २०२२ सालीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा भाग खुला झाला, तो या गांवाजवळूनच जातो. त्या मार्गानें वेगानें जाणाऱ्या प्रवाशास आजूबाजूच्या विहिरींवरील पंप दिसत नाहींत. परंतु शेतकऱ्याचा सारा रब्बी हंगाम त्यांवर अवलंबून असतो. सोयाबीन व तूर पावसावर साधतात. हरभऱ्यास व गव्हास मात्र वेळेवर पाणी द्यावें लागतें. अशा ऐन वेळीं पंपानें हवा धरली, म्हणजे घरांतील लहानथोरांचे डोळे त्या लोखंडी यंत्राकडे लागतात.

पंप हवा कां धरतो? पाणी फेकणाऱ्या चक्राचा दांडा पंपाच्या पोटांतून बाहेर मोटारीकडे येतो. दांडा फिरता आणि पोट स्थिर. तेव्हां दोहोंमध्यें फट ही राहणारच. ती बुजविण्यासाठीं दांड्याभोंवतीं चरबी व शिसपेन्सिलींतील ग्राफाइट लावलेल्या विणीव दोरीचीं कडीं बसवितात व ग्लँड नांवाच्या टोपीनें, दोन नटांच्या साह्यानें, तीं दाबून धरतात. दोरी झिजली कीं फटींतून हवा आंत शिरते आणि विहिरींतून वर चढलेलें पाणी खालीं बसतें. दोरीची किंमत फार नसते. कठीण असतें तें जुनी दोरी काढणें. कारण ती जागा करंगळीहि शिरणार नाहीं इतकी अरुंद असते.

येथें पुष्कळजण पेचकस खुपसतात. सरळ पेचकस दोरींत नीट रुततहि नाहीं आणि दांड्यावर ओरखडे मात्र पाडतो. पुढें तोच ओरखडा नवी दोरी कापून टाकतो. याहून चांगलें हत्यार सायकलच्या दुकानांतील मोडीच्या डब्यांत पडलेलें असतें. सायकलचा स्पोक सुमारें दोन मिलिमीटर जाड असून त्याचें एक टोंक मुळांतच काटकोनांत वळलेलें असतें. त्या टोंकावरील चपटें डोकें कानशीनें काढावें, तीन-चार मिलिमीटर आंकडा ठेवून त्यास अणी करावी, व दुसरें टोंक पक्कडीनें वळवून धरण्यापुरती कडी करावी. आंकड्याची अणी दांड्याकडे न ठेवतां बाहेरच्या बाजूस ठेवून दोरींत रुतवावी व हळूहळू पिळून ओढावी. निघालेलीं कडीं मोजावींत. तळाचें एक कडें आंत राहिलें तर केलेली सगळी मेहनत फुकट जाते.

आतां नटांकडे वळूं. नटास सहा बाजू असतात, म्हणून साध्या पान्यास पुढील पकड मिळण्यासाठीं ६० अंश फिरावें लागतें. परंतु उघड्या तोंडाचा पाना निरखून पाहा; त्याचें तोंड दांडीशीं सरळ नसून सामान्यतः १५ अंश तिरपें असतें. तो ३० अंश फिरवून उलटा केला कीं तोंडाची दिशा ३० अंशांनीं बदलते आणि पाना पुन्हां बसतो! म्हणजे अर्ध्या जागेंत काम होतें. विद्यार्थ्यांनीं पुठ्ठ्याचा नट व पाना कापून हें अवश्य करून पाहावें.

पंपाच्या कांहीं ठेवणींत एवढीहि जागा नसते. दांडी बिडाच्या कमानीवर आपटते. मग कांहीं मिस्त्री छिन्नी-हातोड्यानें नट फिरवितात. ही संवय मला मुळींच मान्य नाहीं. नटाचे कोपरे एकदां गेले कीं नवा पानाहि निरुपयोगी होतो. त्यापेक्षां मोडींतील योग्य मापाचा एक पाना घेऊन त्याची दांडी तोडून आंखूड करावी व लोहाराकडून जरूर तेवढी वांकवून घ्यावी. लोहारानें दांडीच तापवावी. तोंडाभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून ठेवावें, नाहींतर तोंडाचें पाणी उतरून तें मऊ पडतें. लाल झालेली दांडी पाण्यांत बुडवूं नये, ती ठिसूळ होते. राखेंत सावकाश निवूं द्यावी. तोंडाची जाडी कमी करणें असेल तर सहाणेवर थोडथोडें घांसावें व वरचेवर पाण्यांत बुडवावें. घांसलेला भाग निळसर झाला, तर उष्णता सुमारें ३०० अंशांवर पोंचली असें समजून हात आंवरावा. चकाकता मुलामा दिलेला पाना मात्र भट्टींत घालूं नये. त्याचा धूर अपायकारक असतो.

आंखूड पान्याचा जोर कमी, हें खरें. वीस सेंटिमीटरांची दांडी दहा केली तर त्याच कामास दुप्पट बळ लागतें. पण ग्लँडच्या बाबतींत हा दोष नसून गुणच होय, कारण हे नट जोरानें आंवळावयाचेच नसतात! नवीं कडीं घालतांना त्यांचे सांधे एकाखालीं एक येऊं देऊं नयेत; मग दोन्ही नट आळीपाळीनें, एका वेळीं नटाची एकच बाजू पुढें सरेल इतके, फिरवावेत. एकच नट आंवळला तर टोपी तिरपी बसून दांड्यास घांसते.

या कामास हात घालण्यापूर्वीं घरांतील वडील माणसाकडून मोटारीचा फ्यूज काढून घ्यावा व काम पुरें होईपर्यंत तो त्यांच्याच खिशांत असूं द्यावा. शेवटीं दांडा हातानें फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर पंपांत पाणी भरून मोटार चालू करावी. ग्लँडमधून थेंब ठिबकूं लागले म्हणजे काम बिघडलें असें समजून पुन्हां पाना उचलूं नये. त्या थेंबांनींच दोरी व दांडा थंड राहतात. थेंब अगदींच बंद केले तर दोरी जळते व दांडा झिजतो. धार लागली तरच नटाची आणखी एक बाजू फिरवावी, आणि थोडा वेळ वाट पाहावी.