काळ्या धाग्याची गाडी

बीएमडब्ल्यूच्या विजेवरच्या आय-थ्रीची पुढची आणि मागची दारं समोरासमोर उघडतात आणि मधे खांब नसतो. आत पाऊल टाकताना उंबरठ्यापाशी एक काळी कड दिसते. तिच्यावर ना रंग आहे, ना वरून चिकटवलेलं प्लास्टिक. वाकून पाहिलं, तर राळेत गोठलेले बारीक धागे एकमेकांना बिलगून गेलेले दिसतात. एवढ्या महाग गाडीत सांगाडा असा उघडा ठेवायला धीर लागतो. मला तर गाडीची सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते, कारण तिची सगळी कहाणी तिथे वाचता येते.

ही गाडी 2013 साली आली, ती वजनाचा प्रश्न घेऊन. तिच्या पहिल्या बॅटरीत जेमतेम 22 युनिट वीज मावायची आणि बॅटरीचं वजन होतं सुमारे 230 किलो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे दोन-अडीच लिटर पेट्रोलाइतका ऐवज वाहायला तीन-चार माणसांचं ओझं! विजेची मोटर पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी असते, म्हणून हा व्यवहार जमतो. तरीही नाकापेक्षा मोती जड होतोच. त्यावर उपाय एकच होता, बाकीची गाडी हलकी करायची. गाडी हलकी झाली की ब्रेक, स्प्रिंगा, मोटर सगळंच लहान चालतं, आणि त्यातून आणखी वजन उतरतं. वजन वाढतानाही हेच चक्र उलटं फिरतं.

मग खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा झाला आणि माणसं बसतात तो वरचा भाग कार्बन फायबरचा. तेवढंच काम करणारा कार्बनचा भाग पोलादाच्या निम्म्या वजनात होतो, आणि ॲल्युमिनियमपेक्षाही तो सुमारे तीस टक्के हलका असतो. बॅटरीसकट गाडी भरली 1,195 किलो.

या धाग्याचा प्रवास मात्र अर्ध्या जगाचा. जपानमधल्या ओताके इथे पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा पांढराशुभ्र तंतू तयार व्हायचा. तो जहाजाने अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेकला जायचा. तिथे भट्टीत दोन-तीनशे अंश उष्णतेत तो आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळा होतो. पुढे प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापला की कार्बन सोडून बहुतेक सगळं उडून जातं, आणि दोन किलो तंतूचा जेमतेम एक किलो उरतो. उरलेला प्रत्येक तंतू केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक. असे 50,000 तंतू एकत्र आले की एक जुडी होते. या भट्ट्या वीज अक्षरशः पितात. गाडी चालवताना वाचवायची ऊर्जा तिचा धागा करतानाच कोळशावर उधळली, तर सगळा खटाटोप पाण्यात. म्हणून कारखाना कोलंबिया नदीवरच्या जलविद्युतेच्या आसऱ्याला नेला.

तिथून रिळं जर्मनीत, बव्हेरियातल्या वाकर्सडॉर्फला. अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचा प्रकल्प इथे व्हायचा होता. लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि 1989 साली तो सोडून द्यावा लागला. त्याच आवारात पुढे या धाग्यांचे थर एकमेकांना शिवून कापड होऊ लागलं. ते मागावर विणत नाहीत. विणताना धागा वर-खाली वाकतो आणि वाकला की त्याची ताकद घटते. म्हणून तो सरळच झोपवायचा, एकेका थराची दिशा बदलत जायचं.

शेवटी लाइपझिग. कापड साच्यात घालायचं, दाबाखाली राळ सोडायची, काही मिनिटांत भाग टणक. या दालनात वेल्डिंगच्या ठिणग्या नव्हत्या. रोबो दोन भागांमधे नेमकी दीड मिलिमीटरची फट राखून ते डिंकाने जोडायचे. कापडाच्या कातरणीही फेकल्या नाहीत, गाडीचं छत त्यांतूनच झालं. टायरसुद्धा उंच आणि अरुंद, सायकलची आठवण व्हावी असे. रस्त्याशी आणि वाऱ्याशी झगडा कमी व्हावा म्हणून.

यातली कला पेट्रोल-डिझेलच्या गाडीतही उतरली. बीएमडब्ल्यूच्याच 2015 च्या सेव्हन सिरीजमध्ये खांब, छताची चौकट, उंबरठे अशा मोक्याच्या जागी पोलादाला कार्बनची साथ दिली. आधीच्या सेव्हन सिरीजपेक्षा वजन 130 किलोंपर्यंत उतरलं. अंगभर कार्बन घालण्याऐवजी नेमक्या जागी घालायचा, ही वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. शंभर किलो घटले की शंभर किलोमीटरमागे साधारण पाव-अर्धा लिटर इंधन वाचतं, आणि ते गाडीच्या आयुष्यभर वाचत राहतं.

पण हा धागा महागच राहिला आणि बॅटरी स्वस्त होत गेली. किलो उतरवण्यापेक्षा बॅटरी वाढवणं परवडू लागलं. 2022 च्या जूनअखेर आय-थ्री थांबली, तोवर सुमारे अडीच लाख गाड्या झाल्या होत्या. त्याच वर्षी आलेली विजेवरची आय-सेव्हन अडीच टनांहून जड आहे. तिची बॅटरी शंभर युनिटांची. ती अप्रतिम गाडी आहे, हे मान्य. पण तिच्यातली कितीतरी वीज तिचं स्वतःचंच वजन ओढण्यात जाते, हे मनाला पटत नाही.

लाइपझिगची ती आय-थ्री आजही रस्त्यावर कुठे दिसली, तर तिचं दार उघडून पाहावं. खालच्या ॲल्युमिनियमवर आणि वरच्या कार्बनवर गंज धरत नाही. बाहेरचं आवरण प्लास्टिकचं, पोचा आला तर तेवढा तुकडा सोडवून बदलायचा. आणि उंबरठ्यावरची काळी कड दहा वर्षांच्या बुटांनी घासून गुळगुळीत झालेली असते.