आगोटीच्या आधी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा कोकणात मोठ्या लगबगीचा असतो. अंगणात आमसुले आणि आंबापोळ्या वाळत असतात, पडवीत लाकडे रचली जातात, आणि जो तो मधूनमधून पश्चिमेकडे मान वळवून ढगांचा अंदाज घेत असतो. आगोटीची बेगमी म्हणतात ती हीच. किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारायला सुरुवात झालेली असते, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. अशा दिवसांत शहाणा माणूस समुद्रावरून घरी येतो. आम्ही दोघे नेमके याच दिवसांत समुद्राकडे निघालो.

आमचे मूळ घर गुहागरजवळ. दरवर्षी सुट्टीत आम्ही तिथे जातो आणि चिपळूणवरून, महामार्गाने, धूळ खात परत येतो. वास्तविक गुहागरहून निघावे, धोपाव्याला खाडी ओलांडून दाभोळला उतरावे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई गाठावी, यासारखा सुंदर रस्ता नाही. वाटेत चार ठिकाणी पाणी आडवे येते आणि चारही ठिकाणी मोटारीसकट माणसांना पलीकडे नेणारी बोट आहे. खाड्यांवरच्या या बोटींना आमच्याकडे 'जंगलजेटी' म्हणतात. दाभोळची २००३ साली सुरू झाली. तेव्हापासून मी हा रस्ता सुचवीत आलो आणि तेव्हापासून आमच्या सौभाग्यवती एकच उत्तर देत आल्या : "तुम्ही जा बोटीनं. मी एस.टी.नं येते."

यात हट्ट नव्हता. तो तिच्या माहेरचा नियम होता.

तिचे माहेर अलिबाग तालुक्यातले. आजोबा मुंबईला नोकरीला होते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ते भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत बसले. गटारीचा सण तोंडावर होता, त्यामुळे बोटीत गर्दी मोठी होती. काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसाने बोट कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकली आणि हाती लागतील तेवढी माणसे होड्यांत ओढून घेतली. वाचलेल्यांत आजोबा नव्हते. त्यांना आणायला घरची बैलगाडी रेवस बंदरावर गेली होती. तिच्यात सहा वर्षांचा एक मुलगा हौसेने बसून गेला होता. गाडी रात्री रिकामी परत आली. तो मुलगा म्हणजे माझे सासरे, अण्णा.

त्यानंतर त्या घरातले कोणी पाण्यावर गेले नाही. मुंबईहून मांडवा बोटीने तासाभराच्या अंतरावर. पण अण्णा उभा जन्म पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घालून गावी गेले. आणखी एक गोष्ट त्या घरातून गेली. आषाढातली दिव्याची अवस त्या दिवसांतलीच. घरोघरी दिवे घासून पाटावर मांडतात, पूजा करतात. तिच्या आजीने ते दिवे कापडात बांधून फडताळात ठेवले, ते पुन्हा त्या दिवशी निघाले नाहीत.

उलट आमच्या घरी बोटीच्या आठवणी म्हणजे फराळाचा डबा! माझे वडील लहानपणी मुंबईहून बोटीने येत. आगबोट दाभोळला आली की खोल पाण्यात उभी राही आणि मग पडावात उतरायचे. ट्रंक आधी, की आजी आधी, असा घोळ कसा होई, हे ते साभिनय सांगत. पुढे रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोचली, बोटी थांबल्या. १९९८ साली तर कोकण रेल्वे मुंबईहून थेट गोव्याकडे धावू लागली. तरी वडिलांच्या बोलण्यातली ती बोट कधी थांबली नाही. त्या गोष्टींना हसताना ही नेहमी उठून स्वयंपाकघरात जाई. का जाते, हे लक्षात यायला मला, लाजेने सांगतो, काही वर्षे लागली.

यंदा जानेवारीत आमची कन्या मैत्रिणींबरोबर बोटीने मांडव्याला जाऊन आली. अण्णा आमच्याकडेच असतात. त्यांना कळले तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण दोन दिवस पानावरून अर्धपोटी उठले. हिने मुलीला फैलावर घेतले. मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, एक विचारू? ही भीती तुझी आहे, का आजोबांची?"

उत्तर हिने तेव्हा दिले नाही. ते मे महिन्यात गुहागरला दिले. निघण्याच्या आदल्या रात्री आमसुले डब्यात भरता भरता म्हणाली, "अहो, उद्या धोपाव्यावरून जाऊ या."

धोपाव्याला मोटार बोटीवर चढली तेव्हा हिने काचा वर केल्या, डोळे मिटले आणि रामरक्षा सुरू केली. मी मात्र बाहेर उभा राहून वाशिष्ठी पाहिली. दाभोळ म्हणजे जुने नामांकित बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात हिंडून परत निघाला तो याच बंदरातून. हे सर्व मी काचेवर टकटक करून सांगू लागलो, तर आतून हाताने 'नंतर' अशी खूण झाली. रामरक्षा संपण्याच्या आत दाभोळ आले. हिने डोळे उघडले. "एवढंच?" म्हणाली. तिच्या आवाजात मला किंचित निराशा वाटली.

हर्णैला संध्याकाळच्या लिलावात मासळीच्या राशी होत्या, पण बोलणे सगळे बंदीचे. एक म्हातारी कोळीण सुकटीचा वाटा हिच्या पिशवीत टाकत म्हणाली, "आता नारळी पुनवेपर्यंत हेच, बाय." समोर सुवर्णदुर्ग काळवंडत होता. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी वेसवी ते बागमांडला. महाबळेश्वराहून निघालेली सावित्री येथे समुद्राला मिळते. अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड. इथे ही मोटारीतून खाली उतरली. पण दाराचा दांडा सोडला नाही. बाणकोटचा किल्ला दाखवून मी सांगितले की १७५५ च्या सुमारास पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांनी आंग्र्यांचे बळ मोडले आणि मोबदल्यात हा बाणकोट घेतला. ही म्हणाली, "दुसऱ्याच्या मदतीनं आपलंच पाणी घालवायचं, ही आपली जुनी खोड दिसते." मराठीच्या प्राध्यापकाला यावर काही सुचले नाही.

दिघी ते आगरदांडा ओलांडताना वारा होता. लाटेवर बोट हलली तशी हिने माझे मनगट धरले, पण ती कठड्याशीच उभी राहिली. दूर जंजिरा दिसत होता. शिवाजीमहाराज, संभाजीमहाराज, पेशवे, कोणालाच तो हाती लागला नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा कुठे सिद्दींचे राज्य संपले. चोहोंकडून पाण्याने वेढलेल्या त्या कोटाकडे ही बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "अण्णांचंही असंच झालं. पाणी सभोवती, आणि आत कोणालाच येऊ दिलं नाही."

या खाड्यांवर आता सागरी महामार्गाचे पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. पूल हवेतच. अडल्यानडल्या माणसाला रात्री-अपरात्री पलीकडे जाता आले पाहिजे. पण पुलावरून नदी ओलांडली तरी ती भेटत नाही, एवढे मात्र खरे.

राहिले चौथे पाणी, आणि खरे म्हटले तर तेच एक पाणी. मांडवा ते भाऊचा धक्का. गेटवेकडच्या लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात. मोटारी नेणारी ही मोठी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. धक्क्यावर पोचलो तेव्हा आभाळ भरून आले होते. मी म्हणालो, "अगं, मनात नसेल तर अजून वेळ आहे. पेणवरून जाऊ." ती म्हणाली, "तिकिटं काढा."

मोटार खाली ठेवून आम्ही वर गेलो. बोट मोठी, निवांत चालणारी. भोवती कॉलेजातली मुले वडे खात होती, एक लहान मूल रडत होते. कोणाच्या गावीही नव्हते की आपण कोणत्या पाण्यावरून चाललो आहोत. आणि असावे तरी का? अर्ध्या वाटेत हिने एका खलाशाला विचारले, "काशाचा खडक कुठे हो?" तो पोरसवदा होता, पण त्याला नाव ठाऊक होते. त्याने हात लांब करून एक दिशा दाखवली. आम्ही पाहिले. करडे पाणी, वर करडे आभाळ. दुसरे काही नाही.

हिने पर्समधून बकुळीची एक वाळकी माळ काढली. गुहागरच्या अंगणातली, कधी ओवून ठेवली होती, मला पत्ता नव्हता. ती तिने कठड्यावरून सोडली. वाऱ्याने क्षणभर बोटीच्या अंगाला चिकटली आणि मग पाण्यात गेली. ही रडली नाही. एवढेच म्हणाली, "आजोबा निघाले होते त्या धक्क्यावर आपण उतरणार, नाही का?"

घरी पोचलो तेव्हा अण्णा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. लपवाछपवी करायची नाही असे ठरलेच होते. हिने पिशवी खाली ठेवली आणि सांगितले, "अण्णा, मांडव्याहून बोटीनं आलो." चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा काही वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता पान अर्धवट राहणार.

"खडक दिसला?" त्यांनी विचारले.

"नाही अण्णा. नुसतं पाणी होतं."

"नुसतं पाणी," अण्णा म्हणाले, आणि दोनदा मान हलवली. रात्री पोटभर जेवले. सुकट मागून घेतली.

पुढे आषाढ संपत आला. दिव्याच्या अवसेच्या सकाळी मी कॉलेजला निघालो, तर अण्णा फडताळासमोर उभे. ते जुने गाठोडे त्यांच्या हातात होते. गाठ सुटेना म्हणून त्यांनी नातीला हाक मारली. आतून पितळेच्या दोन समया आणि एक निरांजन निघाले, पार काळे पडलेले. मायलेकींनी चिंच लावून दुपारभर घासले. एका समईची फुली तुटकी आहे. ती तशीच राहू द्यावी असे अण्णांनी सांगितले.

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी त्या दोन्ही समया लागतील. नाताळच्या सुट्टीत मांडव्याला जायचे आहे. तिकिटे चार काढायची की पाच, हे अजून अण्णांनी सांगितलेले नाही. चौथे माझ्या आईचे. पाचव्याची मी वाट पाहतो आहे.